बार आणि बांध



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्या वकीलसाहेबांची निम्मी वकिली बांधावर गेली. कुणी बांध कोरला, कुणाच्या फणसाची फांदी कुणाच्या परड्यात गेली, कुणाच्या शेतातलं पाणी कुणाच्या भातात शिरलं, असे सगळे दावे. मी तेव्हा पंचायत समितीत विस्तार अधिकारी होतो. ग्रामपंचायतीचा कागद लागला की साहेब कारकुनाला पाठवायचे नाहीत, स्वतः यायचे. मोजणीचा नकाशा माझ्या टेबलावर पसरायचे, एका रेघेवर बोट ठेवायचे आणि विचारायचे, "तुम्ही जागेवर जाऊन आलात का?" माझं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असायचं. मग ते नकाशाची घडी घालायचे. ती घडी घालण्याची पद्धत अशी होती की आपल्याला शिव्या बसल्यात हे कळायचं.

आजचा विषय पत्रिकेत वाचून मघाशी दारातच एकानं मला अडवलं. खासगी जमिनीवरची हौशी नेमबाजी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे नियम! आपल्याकडे बंदुका किती, त्यातल्या हौसेच्या किती? त्यांचा प्रश्न रास्त आहे. विषय आपल्या तालुक्यातला नाही, अमेरिकेतला आहे. पण माझ्या मते तो वकीलसाहेबांच्या कामाचा आहे. बांध नावाच्या वस्तूचा तो फार पुढचा दावा आहे.

मी तिकडे पोचलो तो भाचीमुळे. न्यू जर्सीतली नोकरी घरून करता येऊ लागली तशी ती पेनसिल्व्हेनियात, पोकोनोच्या डोंगरात राहायला गेली. झाडी, दोन दोन एकरांचे प्लॉट, रात्री अंगणात हरणं. पहिल्याच रविवारी सकाळी नऊच्या सुमारास मी चहा घेत होतो आणि बार निघाला. मग आणखी एक. मग थोडं थांबून पाच-सहा ओळीनं. मी कप खाली ठेवला. भाची म्हणाली, "घाबरू नकोस मामा, शेजारी आहे. त्याची पूजा चाललीय."

दुपारी त्या शेजाऱ्याकडे गेलो. साठी उलटलेला निवृत्त ट्रकचालक, बोलायला गोड. त्यानं मला सगळी व्यवस्था दाखवली. परसाच्या टोकाला पुरुषभर उंचीचा मातीचा भराव. त्याच्यापुढे दोन खुंट्यांवर प्लायवूडचा तुकडा, त्याला टाचणीनं लावलेल्या कागदी ताटल्या. आपल्याकडे लग्नात चिवडा देतात तशा. मधोमध काळ्या पेननं काढलेला रुपयाएवढा ठिपका. बऱ्याचशा ताटल्यांत भोकं ठिपक्याच्या आसपास होती, एकीत मात्र एक भोक अगदी कडेला होतं आणि एक प्लायवूडच्याही वरच्या काठाला चाटून गेलेलं. रिकामी काडतुसं त्यानं कॉफीच्या डब्यात वेचून ठेवली होती. मी भरावाच्या मागे काय आहे ते बघायला गेलो. आधी झाडी, आणि झाडीच्या फटीतून नव्या वसाहतीची राखाडी छपरं. तो म्हणाला, "मी आलो तेव्हा तिकडे फक्त जंगल होतं." हे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा ऐकलं होतं. गोठ्यावरून, भट्टीवरून, पिठाच्या गिरणीवरून. आधी आम्ही होतो, घरं नंतर आली.

त्याच परगण्यात, मन्रो काउंटीत, स्ट्राउड नावाची टाउनशिप आहे. टाउनशिप म्हणजे साधारण आपली मोठी ग्रामपंचायत समजा. पेनसिल्व्हेनियात ६७ काउंट्या आणि त्यांच्या पोटात अशा लहानमोठ्या अडीच हजारांहून अधिक स्थानिक संस्था आहेत. प्रत्येकीचं निवडून आलेलं मंडळ, प्रत्येकीचे उपविधी. इथं एक तक्रार नोंदवतो. आपली वर्तमानपत्रं तिकडच्या गावाच्या 'ऑर्डिनन्स'ला बिनदिक्कत 'अध्यादेश' म्हणतात. अध्यादेश राज्यपाल काढतात. गाव करतं तो उपविधी.

स्ट्राउडमध्ये एका रहिवाशानं स्वतःच्या जागेत नेमबाजी सुरू केली. शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या. २०११ मध्ये टाउनशिपनं उपविधी केला की हद्दीत बंदुकीचा बार काढायचा नाही. अपवाद ठेवले: स्वसंरक्षण, परवान्याची शिकार, आणि रीतसर परवानगी घेतलेली नेमबाजीची जागा. पण ती जागा नगररचनेच्या मोजक्याच पट्ट्यांत चालणार होती आणि किमान पाच एकरांची हवी होती. आपल्या भाषेत, यलो झोनमध्ये नाही. या गृहस्थांची जागा रहिवासी पट्ट्यात आणि ४.६६ एकर. मी लगेच गुंठ्यांत हिशेब केला, सवय जात नाही. पाच एकर म्हणजे २०० गुंठे, यांचे १८६ च्या थोडे वर. साडेतेरा गुंठ्यांनी माणूस अडला! अर्थात पट्टाच चुकीचा असल्यामुळे साडेतेरा गुंठे शेजाऱ्याकडून विकत घेऊनही काम झालं नसतं.

तो कोर्टात गेला. तिथल्या राज्यघटनेच्या भांडणाचा सगळा इतिहास सांगत बसत नाही, पण दोन टप्पे लागतील. २००८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हेलर खटल्यात सांगितलं की घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगणं हा व्यक्तीचा हक्क आहे. २०१० मध्ये तो हक्क राज्यांना आणि गावांनाही बांधून घातला. मग २०२२ मध्ये ब्रुएन खटल्यात सांगितलं की बंदुकीवरचा कुठलाही निर्बंध टिकायचा असेल तर सरकारनं त्याची मुळं देशाच्या जुन्या इतिहासात दाखवावीत. लोकहिताचं वजन करून चालणार नाही, जुने कायदे काढा. स्ट्राउडचा खटला या दोन टप्प्यांच्या मध्ये सापडला. २०२१ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयानं उपविधी घटनाबाह्य ठरवला. २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि उपविधी वैध ठरला. तेरा वर्षं गेली. आपल्याकडच्या बांधाच्या दाव्यांना नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता गंमत अशी की इतिहास काढा म्हटल्यावर जे निघालं ते गावाच्या बाजूचं निघालं. १७२१ मध्ये फिलाडेल्फिया शहरात गव्हर्नरच्या खास परवान्याशिवाय बंदूक उडवायला बंदी होती, आणि तो कायदा मुळात आगीपासून बचावाचा होता. लाकडी घरं, दाटी, आणि ठिणगीवाली बंदूक. १७४६ मध्ये बॉस्टन शहरात छर्रा किंवा गोळी भरून बार काढायला मनाई झाली. १७७४ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या घोषणेच्या दोन वर्षं आधी, पेनसिल्व्हेनियानं नववर्षाच्या वेळी धुडगूस घालत बंदुका उडवण्याविरुद्ध कायदा केला. बंदूक घरात ठेवा, मिलिशियात आणा, अस्वल मारा, पण चौकात उडवू नका. आपल्याकडे उत्तरेत वरातीत गोळीबार करतात आणि नवरदेवाचा काका मरतो, त्यावर २०१९ च्या दुरुस्तीनं शस्त्र कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. पेनसिल्व्हेनियाच्या लोकांनी हे प्रकरण अडीचशे वर्षांपूर्वी हाताळलं होतं, इतकंच.

पण मला या खटल्यातली सगळ्यात आवडलेली जागा वेगळी आहे. पेनसिल्व्हेनियाचा राज्याचा कायदा गावांना सांगतो की बंदुकीच्या चार गोष्टींत तुम्ही पडायचं नाही: मालकी, बाळगणं, देणंघेणं आणि नेणंआणणं. चार शब्द. पाचवा शब्द, बार काढणं, त्या यादीत नाही. त्या एका न लिहिलेल्या शब्दाच्या फटीतून गावाचं सगळं राज्य चालतं. बंदूक तुझी, ती कपाटात असेपर्यंत राज्याची आणि देशाची बाब. ट्रिगर दाबलास की आवाज गावात आला, म्हणून गावाची बाब. वकीलसाहेब हे वाचून खूश झाले असते. 'कायद्यात काय लिहिलंय ते कारकूनही वाचतो, काय गाळलंय ते वकील वाचतो,' असं काहीसं ते म्हणायचे.

आणि शिकारीला सूट का? त्याच प्लॉटवर त्याच रायफलीनं हंगामात हरणावर झाडलेली गोळी चालते, पण कागदी ताटलीवरची चालत नाही, हे वरवर वेडेपणाचं दिसतं. राज्याचा शिकारीचा कायदा वेगळा आहे आणि त्यात राहत्या घराभोवती १५० यार्ड, म्हणजे सुमारे १३७ मीटर, सुरक्षित पट्टा आहे. तेवढ्या परिघात घरमालकाच्या परवानगीशिवाय शिकार करायची नाही. पण मला वाटतं खरं कारण कागदावर नाही. शिकारी हंगामभर रानात बसून एखाददुसरी गोळी झाडतो. सराव करणारा एका दुपारी शंभर. शेजाऱ्याला बंदुकीचा हक्क छळत नाही, त्याला शंभर हा आकडा छळतो. सनईवाल्याबद्दल कुणाची तक्रार नसते, डीजेबद्दल असते.

सगळीच राज्यं गावांना एवढी मोकळीक देत नाहीत. फ्लोरिडाचं बघा. तिथं गावानं बंदुकीबद्दल काहीही नियम करायचा नाही, आणि जाणूनबुजून केला तर मत देणाऱ्या सदस्याला स्वतःच्या खिशातून ५,००० डॉलरपर्यंत दंड, वर गव्हर्नर त्याला पदावरून काढू शकतो. २०११ ची ही तरतूद, आणि २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. कल्पना करा, आपल्याकडे ठरावाला हात वर केला म्हणून ग्रामपंचायत सदस्याच्या घरी वसुलीची नोटीस! पण गंमत पुढे आहे. परसातल्या गोळीबाराच्या तक्रारी थांबेनात, तेव्हा त्याच फ्लोरिडाला राज्य पातळीवर नियम करावा लागला. जिथं एकरी एक किंवा जास्त घरं आहेत अशा मुख्यतः रहिवासी भागात उघड्यावर हौसेची नेमबाजी हा गुन्हा. म्हणजे गावाला मोजू दिलं नाही, शेवटी राज्यालाच एकर मोजावा लागला. आणि राज्याचा एकर सगळीकडे सारखाच, मग मधे टेकडी असो की तळं.

टेक्सासची रीत मला जास्त शहाणी वाटते. त्या राज्यानं शहरांवर बंधन घातलं, पण मापं लिहून. १९८१ नंतर शहरानं हद्दीत ओढलेल्या भागात दहा एकर किंवा जास्त जमीन असेल आणि शेजारच्या घरापासून १५० फुटांहून लांब असाल, तर शॉटगनच्या बाराला शहरानं हात लावायचा नाही. रायफल-पिस्तूल असेल तर पन्नास एकर आणि ३०० फूट. छर्रा जवळ पडतो, गोळी लांब जाते, म्हणून माप वेगळं. आणि सगळ्यात महत्त्वाची अट अशी की गोळी त्या जमिनीची हद्द ओलांडेल अशा तऱ्हेनं झाडलेली नसावी. टेक्सासच्या कायद्यात बांध आहे, मंडळी!

गोळीला तो बांध दिसत नाही हीच पंचाईत. अगदी लहान, पोरांना शिकवायला वापरतात ती पॉइंट टू टू काडतुसं. त्यांच्या खोक्यावरच इशारा छापतात की ही गोळी दीड मैल जाऊ शकते. दीड मैल म्हणजे सुमारे अडीच किलोमीटर. एवढा बांध कुणाच्या सातबाऱ्यावर आहे? म्हणून तो मातीचा भराव. नेमबाजीत सगळं शास्त्र त्या भरावात आहे: उंची किती, उतार किती, मातीत दगड आहेत का. दगडावर आपटलेली गोळी कुठं उडेल सांगता येत नाही. शेजाऱ्याच्या प्लायवूडचा वरचा काठ मला म्हणूनच विसरता येत नाही. शिवाय मातीत वर्षानुवर्षं शिसं साठतं, ते पावसाबरोबर खाली उतरतं. तिकडच्या पर्यावरण खात्यानं उघड्या नेमबाजीच्या जागांवरच्या शिशासाठी वेगळी मार्गदर्शक पुस्तिका काढलेली आहे. ज्या गावात सगळ्यांचं पाणी विहिरीचं, तिथं हा आवाजापेक्षा मोठा प्रश्न. पण विहिरीवरून भांडण होत नाही, कारण शिसं आवाज करत नाही.

इथवर ऐकून तुम्हाला वाटलं असेल की मी गावाच्या बाजूचा वकील आहे. तर शिकागोचंही सांगतो. तिथं उलटं पाप झालं. २०१० मध्ये शहरानं नियम केला की बंदुकीचा परवाना हवा तर एक तास रेंजवर प्रत्यक्ष सराव करून दाखवा. आणि त्याच नियमात शहरात रेंजला बंदी! म्हणजे लायसन्ससाठी गाडी चालवून दाखवा, पण शहरात रस्ता मिळणार नाही. २०११ मध्ये फेडरल अपील न्यायालयानं हे हाणून पाडलं. मग शहरानं बंदी काढली आणि मोजपट्टी काढली. रेंज फक्त कारखान्यांच्या पट्ट्यात, आणि घर, शाळा, बाग, देऊळ यांपासून ५०० फूट दूर. हिशेब केला तर शहराच्या एकूण क्षेत्रफळातला सुमारे २.२ टक्के भाग उरला, तोही कागदावर. २०१७ मध्ये कोर्टानं तेही फेटाळलं. ५०० फुटांनी नेमका कुठला अपाय टळतो हे शहराला सांगता आलं नाही.

ही युक्ती मला परकी नाही. परवानगी नाकारायची नसते पण द्यायचीही नसते, तेव्हा अंतराची अट घालायची. दारूच्या दुकानापासून शाळा, शाळेपासून मंदिर. नकाशावर कंपास फिरवायचा आणि म्हणायचं, बघा, आमची काही हरकत नाही, जागाच नाही. मी हे केलेलं आहे. एका वीटभट्टीच्या अर्जावर.

मिशिगनमधल्या हॉवेल टाउनशिपचा खटला याच्या दुसऱ्या टोकाला. तिथं एका कंपनीला जुन्या खाणीच्या शेकडो एकर जागेवर हजार यार्डांची, म्हणजे नऊशे मीटरहून लांब पल्ल्याची रेंज हवी होती. पट्टा शेती-निवासाचा. २०२४ मध्ये फेडरल अपील न्यायालयानं सांगितलं की हक्क आहे म्हणून अमुकच जागी, अमुकच लांबीचा सराव करायला मिळावा असं होत नाही. इतकंच.

हे सगळे खटले एकत्र ठेवले की मला जे दिसतं ते असं. वृत्तवाहिन्यांवर भांडण हक्काचं असतं, बंदूक हवी की नको. गावाच्या सभेत भांडण अंतराचं असतं, भराव किती उंच, किती वाजता, किती बार. जे गाव अंतर खरंच मोजतं ते टिकतं. जे गाव अंतराच्या आडून हक्क मोजायला जातं ते कोर्टात पडतं. आणि जे राज्य गावाच्या हातातून फूटपट्टीच काढून घेतं, त्याच्या दारात ती तक्रार फिरून येते.

आता आपल्याकडे. आपल्या घटनेत शस्त्र, दारूगोळा आणि स्फोटकं केंद्राच्या यादीत पाचव्या क्रमांकावर आहेत. १९५९ चा शस्त्र कायदा, २०१६ चे नियम, परवाना देणारे जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त. ७३ व्या दुरुस्तीनं पंचायतींसाठी २९ विषय दिले, त्यात हा नाही, आणि असावा असं माझं म्हणणंही नाही. आपल्याकडची नेमबाजी बहुतेक रेंजवरच होते. राधानगरी तालुक्यातल्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं, त्याच्यामागे बालेवाडीतली कित्येक वर्षं आहेत, कुणाचं परसदार नाही.

पण आपल्या कोकणात ठासणीची बंदूक आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना, आजोबांच्या नावचा, मग बापाच्या. डुक्कर आणि वानर भातात, नारळात शिरू नयेत म्हणून. वर्षभर ती खुंटीला, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा, निकालानंतर परत. आणि सुपारीच्या बागेत अधूनमधून बार. तो बार संरक्षणाचा की हौसेचा हे आपण विचारत नाही, कारण विचारायचं कुणी हे कुठं लिहिलेलं नाही.

मला एका बाईंचा अर्ज आला होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. शाळेच्या वहीच्या कागदावर, शाई पसरलेली. शेजारी रोज संध्याकाळी बार काढतो, डुक्कर असो नसो, लहान मूल दचकून उठतं, आणि एकदा छर्रे पडवीच्या कौलांवर पडले. मी तो अर्ज वाचला, वर 'सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही' असं लिहिलं आणि योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे धाडला. पुढे काय झालं ते मला माहीत नाही. जावक क्रमांक पडला, माझं काम झालं.

पेनसिल्व्हेनियाहून परत आल्यावर मी त्या वाडीत गेलो. घर आहे, बाई नाहीत. मुलगा मुंबईला असतो, त्यानं कौलं काढून पत्रा घातलाय. शेजारची बाग दुसऱ्याच्या नावावर झालीय. मोडक्या गडग्याच्या टोकापासून पडवीपर्यंत मी पावलं टाकली. माझ्या वयाची पावलं, आखूड. त्रेसष्ट भरली. पावलं वहीत टिपून घेताना वाडीतला एक पोरगा माझ्याकडे बघत उभा होता. "काय मोजताय आजोबा?" म्हणाला. मोजणी आलीय का, रस्ता होणार आहे का, असंही त्यानं विचारलं.